नव्या चित्रकाराला पत्र

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून नर्सने घड्याळजींना बाकावर बसवलं आणि डोळे मिटून राहायला बजावलं. समोरच्या बाकावरून एका नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येत होतं, कॉमिकच्या नव्या अंकाबद्दल.

“सांग ना, पहारेकरी ढगावर उतरला. मग?”

“मग त्याने आपला झगा झोपलेल्या शहरावर पांघरला. वरून निळा, आतून पिवळं अस्तर. कडेला बारीक हातशिलाई.”

“हातशिलाईसुद्धा दिसते चित्रात?”

“दिसते तर!”

“मला दिसत होतं तेव्हा चाळीस अंक वाचले मी. त्याच्या झग्याला कधी साधं बटणही नव्हतं.”

“चित्रकार बदललाय, अहो.”

“तरीच! आणि शहर?”

“शहराला ऊब मिळाली. एकेक खिडकी मिटत गेली. संपला अंक.”

“वा! मागच्यापेक्षा सरस.”

घड्याळजींना राहवेना. त्यांनी डोळे किलकिले केले. काळ्या चष्म्यातल्या नवऱ्याशेजारी बाई बसल्या होत्या. गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहिलेली. मांडीवर दवाखान्याची फाइल, तीही मिटलेली. दुसरं काहीच नव्हतं. घड्याळजींनी हळूच डोळे मिटून घेतले.

“आता पत्र लिहून घे. दर अंकाला पाठवतो, आज चुकायला नको.”

“हं, सांगा.”

“नवा चित्रकार मला जुन्यापेक्षा आवडतो. त्याला म्हणावं, दमला असशील तर एखादा अंक उशिरा काढ. मी कुठे पळून जात नाही.”

फाइलवर बोट फिरल्याचा बारीक आवाज आला.

“लिहिलंस?”

“लिहिलं. पत्ता मागचाच घालू ना?”

“नको. या वेळी आपल्या घरचा घाल.”