मुद्देमालातला बैल

मूळचे आमी मिरजगावकडचे. वडील मिशनच्या शाळंत मास्तर, त्यांना वाटायचं पोरानं बी खडूच धरावा, पन मी पुन्याला जाऊन वकिली शिकलो आन् पोलीस प्रॉसिक्युटर झालो, म्हंजी पोलिसांनी गुन्हेगार धरायचा आन् मी त्याच्यावर कोर्टात खटला चालवायचा. नेमनूक शेवगावला. लोक सरकारी वकीलसाहेब म्हनायचे, लई मान द्यायचे, पन काय सांगू तुमाला, त्या मानाचा कुनाला उपेग झाला न्हाई.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. गंगाराम म्हनून एक छकडेवाला हुता. एकच बैल, पाखऱ्या, त्याच्या जिवावर बाजारातली पोती वहायची, पान्याची पिपं वहायची, घर त्याच्यावरच. त्यो बैल चोरीला गेला. जमादारानं पळापळ करून शेजारच्या गावात एकाच्या गोठ्यातनं काढला, त्या मानसाला धरलं. गंगाराम बैलाच्या गळ्यात पडून रडला, म्हनला आता घरी नेतो. जमादार म्हनला नेतो कुठं, ह्यो आता मुद्देमाल हाय. चोरीची वस्तू खटला संपेस्तवर कोर्टाच्या ताब्यात, मग ती घागर असू द्या न्हाईतर बैल. पाखऱ्या कोंडवाड्यात गेला.

आता कायद्यात सोय हुती, जामीन घेऊन बैल फिर्यादीला देता येत हुता. मी अर्ज केला. पन आरोपी म्हनला बैल माझाच हाय. आन् आमचे मॅजिस्ट्रेट बदलून गेल्ते, दुसऱ्या तालुक्याचे साहेब आठवड्यातनं एकदा यायचे. ते म्हनले दोघं बी मालकी सांगतेत, मालकी ठरू द्या, मग बघू. तारीख पडली. मग आरोपीचा वकील आजारी, तारीख. मग साक्षीदार खडी फोडायच्या कामावर लांब गेलेला, समन्स लागंना, परत तारीख. हिकडं तारखा पडत हुत्या आन् तिकडं बैल वाळत हुता. मी म्हनलं छावनीत तरी धाडा, तितं चारा हाय, तर कचेरीतनं उत्तर आलं, छावनी शेतकऱ्याच्या जनावराला, ह्ये कोर्टाचं जनावर. आता बोला!

गंगाराम रोज कुठनं तरी लिंबाचा पाला आनायचा, उसाचं वाढं आनायचा, कोंडवाड्याच्या भिंतीवरनं हात घालून चारायचा. तर आरोपीचा वकील कोर्टात उठला, म्हनला, फिर्यादी बैलाला लळा लावतोय, उद्या बैलानं त्याला ओळखलं तर त्यो पुरावा कसा धरायचा? साहेबांनी माझ्याकडं बघितलं, म्हनले तुमच्या साक्षीदाराला आवरा. आवरायचं काम माझं. व्हरांड्यात बोलवून म्हनलं, गंगाराम, तिकडं जाऊ नको, केस बिघडंल. त्यो म्हनला, साहेब, तुमी माझ्याकडनं का त्या चोराकडनं? मी म्हनलं, मी सरकारकडनं. त्यो म्हनला, मग सरकारला सांगा पाखऱ्याला चारायला. आमची मंडळी घरातला कोंडा, भाताची पेज बादलीत घालून कोंडवाड्यात धाडायची, पन तेवढ्यानं बैलाचं काय हुतंय.

एका रविवारी आमी प्रार्थनेहून आलो तर जमादार दारात उभा. बैल गेला म्हनला. पंचनामा करावा लागंल, मुद्देमाल हाय. म्हनलं, कर बाबा.

खटला मात्र चालला. आरोपीच्या शेजाऱ्यानंच साक्ष दिली, की त्याच्या दारात कदीच बैल नव्हता, चोरीच्या दुसऱ्या दिवशीच दिसला. सजा झाली. साहेबांनी निकाल वाचला, शेवटाला नेहमीसारखंच वाक्य, मुद्देमाल फिर्यादीस परत द्यावा. मी उभा राहिलो, म्हनलं, साहेब, मुद्देमाल मयत हाय. साहेब म्हनले, पंचनामा कागदाला जोडलाय? म्हनलं, जोडलाय. मग तशी दुरुस्ती करा म्हनले, आन् पुढचा खटला पुकारला.

गंगाराम हात जोडून तसाच उभा हुता. त्याला काय बी कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर इचारलं, साहेब, जिंकलो का हरलो? म्हनलं, जिंकलास. त्यो म्हनला, बरं. आन् चालाय लागला. पुढं छकडा इकला त्यानं, बाजारात पाठीवर पोती वहायचा. मला बघितलं की खाली ठिवून रामराम करायचा, त्यो रामराम मला सोसायचा न्हाई.

आता नात वकिली शिकती, परवा पाया पडली. डोक्यावर हात ठिवून म्हनलं, बाई, तुज्या हातनं निकाल लागू दे, आन् त्यो लागंल तवा माघारी द्यायला कायतरी उरलेलं असू दे. दुसरं काय मागू देवाकडं?