वरच्या खोलीतली भाडेकरू

(लेच्चे शहर, बुधवारची संध्याकाळ. वीतोचं स्वयंपाकघर. मुलगी दोनाता आणि बारीहून आलेला मुलगा रोक्को; त्याची बॅग अजून दारातच आहे.)

रोक्को : भाडेकरू? दोनाता, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? बाईचा पगार आपण द्यायचा आणि ती भाडेकरू?

दोनाता : हळू बोल, पपा ऐकतील. आधीच्या दोघींच्या वेळी काय सांगितलं आपण? "तुम्हाला सांभाळायला आल्यात." झालं! एकीवर डाव उगारला, दुसरीची बॅग जिन्यावरून खाली. वर दिवसभर एकच जप, "मी काय म्हातारा झालोय?"

रोक्को : छे, ब्याऐंशी म्हणजे ऐन तारुण्य!

दोनाता : म्हणून या नातेलाला वरची खोली भाड्याने हवीय म्हणून सांगितलं. जॉर्जियाची आहे, एकटीच आहे. जन्मभर खोल्या भाड्याने दिलेला माणूस तो, लगेच खुर्ची पुढे केली. "बसा बाई, जेवलात का?"

रोक्को : आणि आंघोळ? त्यावरून तर महाभारत व्हायचं.

दोनाता : ती म्हणते, "सिन्योर वीतो, गीझर बिघडलाय वाटतं, जरा आधी तुम्ही बघता का?" हे घरमालक! निघाले टॉवेल खांद्यावर टाकून. तिला एकटीने गोळ्या घ्यायचा कंटाळा येतो, म्हणून हे सोबतीला घेतात.

रोक्को : अग आई गं! आणि भाडं?

दोनाता : शनिवारी वीस युरो. मी तिला देते, ती त्यांना देते, ते रविवारी गुपचूप माझ्या पर्समध्ये कोंबतात, "पोरांना आइस्क्रीम घे." एकच नोट घरभर हिंडतेय.

रोक्को : हसू नकोस, खऱ्या पगाराचं बोल.

दोनाता : पेन्शन, सरकारी भत्ता, तुझे आणि माझे थोडे. कसंबसं भागतं. घोडं अडलंय गुरुवारी. दुपारी तिची सुट्टी. बागेत मैत्रिणींत बसते, तेवढाच तिचा जीव रमतो, ती सुट्टी मी मोडणार नाही. मला शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटता येत नाही. बदली बाई परवडत नाही, आणि पपा तिला घरात घेणार नाहीत.

रोक्को : म्हणूनच म्हणतो, सोमवारी वृद्धाश्रम बघून येऊ. तिथे गुरुवारची भानगडच नाही.

दोनाता : आणि दाराला कुलूप. रोक्को, आई गेल्यापासून पहिल्यांदा या घरात कुणीतरी हसतंय. ते मी कसं घालवू?

वीतो : (आत येत) दोनाता! काय कुजबुज चाललीय? वरच्या बाईंना पास्ता वाढलास का? परक्या देशात माणूस लाजतो, पोरी.

दोनाता : वाढला, पपा. कशा आहेत त्या?

वीतो : बाई चांगल्या आहेत, पण विसरतात फार. गोळ्या विसरतात, गीझर कळत नाही. मी आहे म्हणून चाललंय त्यांचं.

दोनाता : तुम्हाला त्रास होत असेल तर... आश्रमात सोय होते म्हणे.

वीतो : आश्रमात? लाज नाही वाटत? म्हातारपणी एखाद्याला चार गोष्टी आठवत नाहीत, म्हणून घराबाहेर काढायचं? माझ्या घरात हे चालायचं नाही!

रोक्को : सोमवारचं रद्द कर, दोनाता.

वीतो : बरोबर बोललात. हे गृहस्थ कोण?

दोनाता : पपा, अहो हा आपला...

रोक्को : राहू दे. मी बारीहून आलोय, सिन्योर वीतो. दर गुरुवारी इथे राहायचं म्हणतो. ऑफिसचं काम इथूनच करीन. खोली मिळेल?

वीतो : वरची तर गेली. एक आहे, माझ्या मुलाची. ती मी कुणाला देत नाही. पण तुमचा चेहरा भला दिसतो. जेवणासकट राहा, भाड्याचं बघू.

रोक्को : उपकार झाले.

वीतो : फक्त आतलं काही हलवू नका हं. मुलगा कधीही येईल.