मालिकेतल्या सुनेला बोल

आमच्या सासूबाई मला थेट कधीच बोलत नाहीत गं. बोलतात ते मालिकेतल्या सुनेला. "बताओ, हिला पोह्यांवर शेव टाकायचंसुद्धा सुचत नाही!" पडद्यावर ती बिचारी दवाखान्यात रडत होती. बिनशेवेचे पोहे सकाळी मी केले होते, माझ्या माहेरी नाशिकला करतात तसे; इकडे सासरी, हिंदी मुलखात, शेवेशिवाय पोहे नाहीतच.

महिनाभर ऐकून घेतलं. परवा मीही टीव्हीकडे बघत म्हटलं, "सून ठीकच आहे. सासूच दार न वाजवता खोलीत शिरते."

सासूबाई मालिका अर्धवट सोडून आपल्या खोलीत निघून गेल्या. मला वाटलं, झालं, आता नवऱ्याकडे तक्रार जाणार.

सकाळी दारावर टकटक. बाहेरून आवाज आला, "त्या मालिकेतल्या सासूला मी समजावलंय. आत येऊ का?"