न तोडलेल्या रईचं पुण्य

मंडळी, आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. जे पाप तुम्ही कधी करणारच नव्हता, ते केलं नाही म्हणून तुम्हाला पुण्य लागतं का? बोला! मी शेजाऱ्याच्या घरी चोरी केली नाही. करणारही नव्हतो. मग घालाल मला हार? हसताय! अहो, घालतात. आणि त्या हाराच्या जोरावर भलताच कुणी खुशाल चोरी करतो. ऐका!

कोकणात आंबेशेत नावाचं गाव. गावाला रवळनाथाची देवराई. लोक नुसतं ‘रई’ म्हणतात. तिथं कुऱ्हाड नाही, कोयता नाही. पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. बाहेर पडताना माणसं धोतर झटकतात — देवाचं पान चुकून घरी यायला नको! या रवळनाथाचा पुजारी तातू गुरव. गावाचं गाऱ्हाणं देवापुढं घालायचं ते त्यानंच. तो म्हणणार, “बा देवा म्हाराजा,” आणि त्याच्या वाक्यावाक्याला सारा गाव एका तोंडानं म्हणणार — “व्हय म्हाराजा!” तातू बोलला म्हणजे गाव बोललं.

तातूची एकुलती लेक पमी. दिली होती खाडीकाठी, खारवाडीला. घराच्या मागंच लोखंडाची जुनी भट्टी. कोळशाचा धूर दिवसरात्र! पमीचं लेकरू खोकून खोकून निळं पडायचं. नवरा त्याच भट्टीत कामाला, तो कुठं हलणार? पण मालकांनी कबूल केलं होतं, दिवाळीला जुनी भट्टी बंद करतो, विजेवरची लावतो. पमी बापाला म्हणाली होती, “बाबा, बंद झाली तर माझा संसार राहिला. नाहीतर पोराला घेऊन मी निघाले.” तातू त्या दिवाळीकडं डोळे लावून बसला होता.

तेवढ्यात आंबेशेतात गाडी आली. गाडीतून उतरले नाडगौडा साहेब. कसली संस्था, काय संस्था, देव जाणे! म्हणाले, “तुमची रई राखा. तिच्याबद्दल मोठी मदत मिळवून देतो.”

तातू म्हणाला, “साहेब, राखतोच आहोत की! आज्यापणज्यापासून!”

“तसं बोलू नका हो!” साहेब कळवळले. “राखतोच म्हणालात तर कोण कशाला देईल? तुम्ही तोडायला निघाला होता आणि आमच्यामुळं थांबलात, असं पाहिजे. झाड वाचलं म्हणजे तेवढा कार्बन, तेवढा धूर हवेत जायचा वाचला!”

पाहिलंत? जो तोडतो त्याला मान, जो राखतो त्याला पान! पान तरी कसलं, पानावरून उठवायची तयारी!

तातू म्हणाला, “देवापुढं खोटं बोलू?” तर गावचे मानकरी आपा राऊळ त्याच्या कानाशी आले. “अरे, एवढंसं तर खोटं! त्या पैशातून देवाचाच सभामंडप होतोय ना? तुझं काय जातंय?”

तातूचं काय जात होतं, ते तातूलाही ठाऊक नव्हतं. साहेबांनी कॅमेरा लावला. तातूनं हात जोडले, मान खाली घातली. “बा देवा म्हाराजा, ही तुझी रई आम्ही तोडायला काढली होती...”

“व्हय म्हाराजा!” सारा गाव! एकाचीही जीभ अडखळली नाही.

मंडप झाला. फरशी काय, पंखे काय, माईक काय! दिवाळी आली. तातू फराळाचा डबा घेऊन लेकीकडं गेला. बघतो तर धुराडं चालूच! शेजारी दुसरं उभं राहतंय. आणि भट्टीच्या फाटकावर हा एवढा फलक, त्यावर रईत हात जोडून उभा असलेला — कोण? तातू गुरव!

पमीनं विचारलं, “बाबा, फोटो तुमचाच ना? आमचे मालक सगळ्यांना सांगतात, त्या रईचं पुण्य आम्ही पैसे मोजून घेतलं, आता भट्टी बंद करायची गरज उरली नाही. आमचा धूर आंबेशेतची झाडं खातात.”

अहो, रई काल होती तेवढीच आज! एक रोपटं वाढलं नाही, एक पान वाढलं नाही. वाढला तो धूर! मंडळी, जिथं कुऱ्हाड खरंच पडणार होती आणि कुणी ती अडवली, त्याचे पाय मी धरीन. पण इथं काय अडवलं? कुणाला अडवलं?

तातू परतला. जत्रेला नव्या मंडपात गाव जमलं. तातूनं माईक बाजूला सारला. “बा देवा म्हाराजा! माझ्या तोंडून खोटं गेलं. ही रई आम्ही कधीच तोडणार नव्हतो. आमच्या खोट्यावर तिकडं भट्टी पेटली आहे. ते खोटं तू मोडून टाक!”

थांबला. वाट पाहिली.

कोणी बोललं नाही, मंडळी! आपा राऊळ वर पंख्याकडं बघत बसले. बायका पदर सावरू लागल्या. मागं खांबाशी पमी बसली होती — संसार सोडून आलेली, मांडीवर लेकरू. त्या सबंध मंडपात आवाज आला तो तेवढ्या एका पोराच्या खोकल्याचा.

आता तुम्ही मनात म्हणताय, महाराज, आम्ही असतो तर बोललो असतो! हो का? तुमच्या गावच्या कारखान्याचं काळं पाणी ओढ्यात जातं, ते ठाऊक नाही असा इथं एक तरी आहे? आणि त्याच कारखान्यानं रोपं वाटली तेव्हा रांगेत कोण होतं? फोटोत दात काढून उभं कोण होतं? माना खाली घालू नका, इकडं बघा!

कीर्तन संपलं की मी बुक्का लावतो, तुम्ही पाया पडता, मोकळे होता. आज तसं नाही. ज्याला उभं राहून म्हणता येईल, “ते खोटं होतं, आणि मी त्यात होतो,” त्यानंच पुढं यावं.

या. बुक्का हातात घेऊन उभा आहे मी.

कोणीच नाही?