तिसरा पडत नाही

ती: आता मोटरसायकलचं काय उघडलंत?

तो: क्लचची केबल सैल होती, ताणली. ऑइल बदललं. तरी पहिला पडतो, दुसरा पडतो, तिसरा काही पडत नाही. आत काहीतरी वाकलंय. इंजिन उतरवावं लागणार.

ती: या उन्हात? मला नुसतं बघूनच झोप येतेय.

तो: मग जा झोपायला.

ती: इथेच बसते पायरीवर.

तो: बसतेस तर मागचं चाक हाताने पुढे-मागे हलव. बंद गाडीत चाक हलल्याशिवाय गिअर पडत नाही.

ती: असं?

तो: हां. हा पहिला. हा दुसरा. आता तिसरा... बघितलंस? अडला.

ती: सरका. पायाने नको, मी गिअरचा दांडा हाताने उचलून बघते.

तो: अगं, तीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली मी...

ती: तुम्ही चाक हलवा. हा तिसरा ना? आणि हा चौथा.

तो: पुन्हा कर.

ती: घ्या. तिसरा. चौथा. आत काही वाकलेलं नाही. तुमचा पाय अडतो.

तो: पायाचं प्लॅस्टर काढून तीन महिने झाले. डॉक्टर म्हणाले, खुशाल पळा.

ती: म्हणून म्हणते, अडतो.

(तो पाना खाली ठेवतो.)

तो: आपण पडलो त्या वळणावर मी तिसराच टाकत होतो. गाडी एकदम हलकी झाली. मागे तू नव्हतीस.

ती: कोपर तर खरचटलं नुसतं.

तो: तेवढ्यावर निभावलं म्हणून बोलतेयस. विकून टाकतो. कोपऱ्यावरचा मेकॅनिक कधीचा मागतोय. सांगेन, गिअरबॉक्स गेलाय.

ती: चांगल्या गाडीवर खोटा आळ घ्यायचा?

तो: घाबरलोय मी. झालं समाधान?

ती: एक सांगू? दुपारी तुमचा डोळा लागला की डावा पाय हलतो.

तो: काहीतरीच.

ती: रोज. आधी खाली दाबता, मग वर. मी शेजारी पडून मोजते. तिसराही पडतो, चौथाही. मग कितीतरी वेळ पाय हलतच नाही. लांब कुठेतरी निघालेले असता. चेहरा अगदी लग्न नवं असताना आपण धरणापर्यंत गेलो होतो ना, तसा.

तो: एकटाच जातो?

ती: नाही. तिसऱ्याच्या आधी दर वेळी पुटपुटता, नीट धर.

तो: मग?

ती: मग मी तुमचा सदरा धरते. तेवढ्यात मलाही झोप लागते.

(तो पाने गोळा करून पिशवीत टाकतो.)

ती: स्टँडवरून काढा. पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येऊ.

तो: आणि तिसरा नाहीच पडला तर?

ती: दुसऱ्यावर जाऊ. घाई कुणाला आहे?

तो: हात काळे आहेत माझे.

ती: असू देत. मी बसले.

तो: पहिला... दुसरा... आता नीट धर.

ती: कधीचं धरलंय.