मला येत नाही, असं लिहा

...नाही, पण मला सांगा, पंचेचाळीस वर्षं ज्या बाईनं सुईदोऱ्यावर संसार ओढला, तिला विशीतला पोरगा येऊन विचारतो, "अज्जी, तुम्हाला काय येतं?" तर तिनं काय उत्तर द्यायचं? काही येत नाही म्हणायचं! का? तर तसं म्हटलं तरच काम मिळतं! अय्यो, हसताय? हसा की. तुमचं काय जातंय!

मी अंबूताई. मंडी मोहल्ल्यात विठोबाच्या देवळामागची गल्ली, तिथं कुणालाही विचारा. चौदा घरं, चौदाही शिंप्यांची. आमचे पणजोबा सोलापुराहून मैसूरला आले की साताऱ्याहून, यावरून अजून भांडणं होतात, पण येताना कात्री घेऊन आले यावर गल्लीचं एकमत आहे. आमच्यात पोरगी धड चालायला लागत नाही तोवर बटण लावायला बसते. आणि म्हणे, मला येत नाही असं लिहा!

आता खोटं कशाला बोलू, रेडिमेड आलं आणि गल्लीला उतरती कळा लागली. काम येतं ते काय, साडीला फॉल लावा, नाहीतर कुण्या पोट सुटलेल्या गृहस्थाची पँट ढिली करा. शांताक्काच्या मशीनवर तर दोन महिने लोणच्याच्या बरण्या होत्या, तुम्हाला सांगते! मशीनवर बरण्या! मला बघवेना, मी तिच्या घरी जाणंच सोडलं.

अशात ही कॉलेजची पोरं आली. जयलक्ष्मीपुरमची. कुठल्याशा संस्थेचं काम फुकट करतात, पिवळे टी-शर्ट, हातात ते पाटीसारखं टॅब, आणि म्हणाली, "आम्ही तुमची गल्ली गरिबीतून वर काढणार." वर म्हणजे कुठं रे बाबा? आमचं घर आधीच माडीवर आहे! पण बेत ऐकला आणि माझे कान टवकारले. नंजनगूडकडच्या खेड्यांतल्या तीनशे पोरांना शाळेचे गणवेश, शिवायचे गल्लीतल्या बायकांनी, आणि काम जमलं तर दरवर्षी तीच ऑर्डर. दरवर्षी! म्हणजे बरण्या पुन्हा फळीवर!

त्या पोरांचा म्होरक्या पद्मनाभ. पोरगा वाईट नाही हां, चपला बाहेर काढतो, वाकून नमस्कार करतो. बसला माझ्यासमोर मांडी घालून. "अज्जी, तुमचं पूर्वीचं कौशल्य?" मी म्हटलं, लिही. साधा ब्लाउज, कटोरी ब्लाउज, सदरा, बंडी, परकर-पोलकं, नवऱ्यामुलाचा कोट... पोरगा लिहीना. घाम पुसायला लागला. "अज्जी, एवढं येत असेल तर तुमचं नाव यादीत बसत नाही. ही योजना ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी आहे. तीन आठवडे आम्ही शिकवणार, मग काम देणार." मी म्हटलं, बरं, मग ज्यांना येतं आणि काम नाही, त्यांच्यासाठी कुठली योजना? तर डोकं खाजवून म्हणतो, "ती... अजून निघाली नाही." आणि हळूच, कानात सांगितल्यासारखं, "अज्जी, मला येत नाही असं लिहूया ना."

मी म्हटलं, ऊठ!

मला येत नाही असं मी म्हणायचं? मी? अहो, आमच्या सासूबाई कुणाला बरं म्हणायच्या नाहीत, देवाच्या नैवेद्यालासुद्धा मीठ कमी म्हणायच्या, त्या जाताना म्हणाल्या, "अंबूच्या हाताला शिवण आहे." ते शब्द मी टॅबमध्ये बुडवू?

पण गल्लीतल्या दुसऱ्या सहाजणींनी पटापटा लिहिलं हो! अन्नपूर्णा... जिच्या हातचा ब्लाउज घातल्याशिवाय अर्ध्या मोहल्ल्यात लग्न लागत नव्हतं, ती अन्नपूर्णा म्हणाली, "सुई बघितलीय, धरली नाही." शांताक्का म्हणाली, "मला मशीनची भीती वाटते." भीती! बरण्या कुठल्या धीरानं ठेवल्या होत्यास गं मग? मी अन्नपूर्णाला गाठलं, लाज नाही वाटत? तर म्हणाली, "अंबूताई, लाज शिजवून पोरं जेवत नाहीत." घरी आमच्या ह्यांना, दामोदररावांना सांगितलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "लिही की येत नाही म्हणून. मला स्वयंपाक येत नाही असं सांगून मी चाळीस वर्षं बसलोच ना आरामात?"

मी नाही लिहिलं. नाही म्हणजे नाही!

मग देवळाच्या हॉलात शिकवणी सुरू झाली आणि मी खिडकीत बसून बघायला लागले. हाताला चाळा म्हणून देवाच्या हारासाठी फुलं निवडत बसायची, पण डोळा आत. पद्मनाभ स्वतः मोबाईलवर बघून शिकून आलेला. पहिला दिवस, सुईत दोरा ओवणे. अन्नपूर्णेला अर्धा तास लागला! दोरा नेते सुईपाशी आणि नेमका बाजूनं काढते, नेमका! शांताक्कानं तर बोटात टोचून घेऊन डोळ्यांत पाणी आणलं. आणि दोरा गेल्यावर पोरं काय टाळ्या वाजवतात! "सुपर, अक्का! सुपर!" नाटक कंपनीत गेल्या असत्या ना या बाया, तर गल्ली कधीच वर निघाली असती.

तो पद्मनाभ बोलता बोलता मोकळी कात्री हवेत चालवायचा, कच् कच् कच्. आता तुम्हाला ठाऊक असेल नसेल, आमच्यात कापडाशिवाय कात्री चालवली तर घरात भांडण लागतं. सहाजणी शहारल्या, पण बोलणार कशा? ज्यांना काही येत नाही त्यांना कात्रीचे नियम कुठून ठाऊक असणार! आणि एकदा तर कहरच. शांताक्काचा हात सवयीनं सुटला आणि बोलता बोलता अख्खी कॉलर, टोकं काढून, दाबून, तयार! अन्नपूर्णा कुजबुजली, "अगं बये, उसव, उसव, मास्तर आला!" बसल्या दोघी उसवत. आणि मग तीच कॉलर वाकडी शिवून दाखवली. सरळ शिवणाऱ्या हातानं वाकडं शिवणं किती कठीण असतं, विचारा कुणालाही. मला तर हसावं की रडावं कळेना, हातातल्या फुलांच्या पाकळ्या कधी झाल्या तेही कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी गणवेशाचं कापड आलं. निळं, छान घट्ट विणीचं. संस्थेच्या मोठ्या मॅडम बेंगळूरूहून खास बघायला आल्या, खुर्चीवर बसल्या. पद्मनाभनं कागदाचे नमुने काढले, कॉम्प्युटरवर बेतलेले, आणि छाती फुगवून म्हणाला, "मॅडम, एक चिंधीसुद्धा वाया जाणार नाही!" त्यानं नमुने कापडावर लावून खडूनं रेघा मारल्या. मी खिडकीतून बघितलं आणि हातातली फुलं खाली ठेवली. माया कुठंय? अहो, शिवणीच्या आत कापड राखतात ना, पुढं उसवून मोठं करायला, ती माया! काखेत नाही, बाहीला नाही, खाली दुमडायला बोटभर नाही! जूनमध्ये घातलेला शर्ट दिवाळीला मनगटाच्या वर, आणि पुढच्या जूनला काखेत टर्र! श्रीमंताचं पोर दुसरा घेईल. या पोरांना दुसरा कोण देणार? त्यांची आई दरवर्षी दोन बोटं सोडते आणि तोच पुन्हा पोराच्या अंगात घालते. गरिबी दूर करायला निघालेल्यांना एवढं ठाऊक नाही, की गरिबाचं पोरसुद्धा वाढतं!

आत सहाजणींना दिसत होतं. सगळ्यांना! सहाही माना खाली. बोलल्या तर नाव कटणार. पद्मनाभनं कात्री उचलली... आणि तुम्हाला सांगते, मी खिडकीत नव्हतेच. आत कधी गेले, चप्पल काढली की नाही, काही आठवत नाही. त्याचं मनगट धरलं. "थांब! तीनशे पोरांचं कापड आहे, तुझ्या कॉलेजचा कागद नाही!" कमरेचा खडू काढला, रेघा पुसल्या, नव्या मारल्या. बाहीला माया, बगलेला माया, खाली तीन बोटं. आणि तोंडातून सवयीनं निघालं, "अन्नपूर्णा, बाह्या घे. शांताक्का, कॉलर. बाकीच्या, मशीनवर." आणि त्या उठल्या की हो! विसरल्या! तीन आठवड्यांचं नाटक विसरून धडाधड कामाला लागल्या, मशिनी अशा पळायला लागल्या की हॉल दणाणला. कुणी टेपला हात लावला नाही, कुणी मोबाईल बघितला नाही. तासाभरात दहा शर्ट तयार, काज-बटणासकट!

मग एकदम सगळ्यांना आठवलं. मशिनी थांबल्या.

मॅडम उठून उभ्या. शर्ट उलटा करून शिवण बघतायत. "पद्मनाभ, ह्या कोण? यादीत सहाच नावं आहेत." पोरगा पांढराफटक. म्हणाला, "ह्या... खिडकीतून शिकल्या, मॅडम." मॅडम माझ्याकडे वळल्या. "अज्जी, खरं सांगा, तुम्हाला आधी काय येत होतं?"

आलं ओठावर! पंचेचाळीस वर्षं ओठावर आली, कटोरी ब्लाउजपासून कोटापर्यंत, सासूबाईंसकट! म्हटलं, आता सांगतेच, ऐक म्हणावं बेंगळूरूवाले! आणि मान वर केली तर समोर शांताक्का. बाह्यांच्या ढिगामागं, हात जोडून. दरवर्षीची ऑर्डर त्या दोन हातांत धरल्यासारखी.

मी म्हटलं, "काही नाही, मॅडम. काहीसुद्धा येत नव्हतं."

जीभ झडली नाही, एवढंच. ऑर्डर मिळाली. पद्मनाभ बाहेर गाठून पाया पडला, डोळे भरलेले, "अज्जी, मला माफ करा." म्हटलं, माफी राहू दे बाजूला, बाहीला दोन बोटं माया, आधी ते वहीत लिही. लिहिलं त्यानं. गुणी आहे पोरगा, मला राग येतो तो त्याच्यावर येतच नाही, तीच तर पंचाईत!

आणि मॅडम? मॅडम इतक्या खूश, इतक्या खूश, की आता पुढच्या सोमवारी नंजनगूडला नवी शिकवणी. चाळीस बायका. सकाळच्या बसनं मलाही जायचंय. पद्मनाभ शिकवणार, आणि मी त्याच्या शेजारी खुर्चीवर बसणार. शिवायला नाही हो, शिवायचं कोण सांगतंय मला! नुसती बसायला. बायकांना धीर यावा म्हणून मॅडम स्वतः माझ्याकडे बोट दाखवून सांगणार आहेत, "घाबरू नका. हिच्याकडे बघा. हिला तर काहीच येत नव्हतं!"