चौथं राज्य

फेब्रुवारी २०२०. आयर्लंडमधल्या कासलबारच्या ड्रायव्हिंग टेस्ट सेंटरमध्ये विद्या चौथ्यांदा परीक्षा द्यायला आली होती आणि हाकेची वाट पाहत बसली होती. आधी तीनदा नापास. समोरचं अनोळखी मराठी जोडपं अमेरिकेच्या निवडणुकीवरून, पक्षाचा उमेदवार ठरवायला एकेका राज्यात चाललेल्या मतदानावरून, वाद घालत होतं.

"तो म्हातारा माजी उपाध्यक्ष संपला गं! पहिल्या राज्यात चौथा, दुसऱ्यात पाचवा."

"तिसऱ्यात दुसरा आलाय, हरीश."

"म्हणजे हरलाच की! अध्यक्ष कोण होणार, ते सुरुवातीलाच कळतं."

"शनिवारी चौथं राज्य आहे. तिथे त्याला मानतात."

"तीनदा आपटलेल्याला चौथ्यांदा कोण पास करणार?"

"हळू बोल. आज तुझी पहिलीच टेस्ट आहे, तिकडे लक्ष दे."

"माझं ग्रँड आहे गं, काही काळजी नको. पहिल्याच फटक्यात घेतो बघ."

तेवढ्यात परीक्षकांनी विद्याला आणि हरीशला हाक मारली.

"ताई, तुमची कितवी?" हरीशने उठता उठता विचारलं.

"चौथी."

"अहो, मी अमेरिकेबद्दल बोलत होतो!"

"मीही तेच ऐकत होते."

पाऊण तासाने विद्या पास झाल्याचं सर्टिफिकेट घेऊन बाहेर आली. तिला हसू आवरत नव्हतं. मागोमाग हरीश आला.

"काय रे, झालास का पास?" बायकोने विचारलं.

"राउंडअबाउटच्या गोल चौकात चुकीच्या लेनमध्ये गेलो."

"मग?"

हरीश विद्याकडे वळला. "ताई, दुसऱ्या टेस्टची तारीख साधारण किती दिवसांत मिळते हो?"